वृक्क विकार, चिरकारी व हृद्‌रोहिणी विकार

वृक्कांची (मूत्रपिंडांची) रक्त गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली असणे किंवा त्यांना इजा झाल्याच्या खुणा, विशेषतः मूत्रातून अल्ब्युमीन हे प्रथिन जाणे, तेवढाच काळ आढळत राहणे याला चिरकारी वृक्क विकार म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची पोकळी अरुंद होऊन त्या स्नायूला रक्त अपुरे पडणे म्हणजे हृद्‌रोहिणी विकार होय. हे दोन विकार दोन वेगळ्या इंद्रियांचे असून त्यांचे तज्ञही वेगळे असतात. परंतु एकाच रुग्णात ते इतक्या वेळा एकत्र आढळतात की, तो योगायोग मानता येत नाही. चिरकारी वृक्क विकार जडलेल्या बहुसंख्य रुग्णांवर वृक्के पूर्णपणे निकामी होण्याची वेळ येतच नाही. त्यापूर्वीच त्यांपैकी अनेक जण हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावतात. रुग्णाला व त्याच्या कुटुंबियांना भीती वाटते ती अपोहनाची (डायालिसिसची). धोका मात्र बहुधा हृदयाकडून अधिक असतो. वृक्क विकार हे हृद्‌रोहिणी विकाराचे केवळ सहचर लक्षण नसून एक स्वतंत्र कारण आहे, ही गोष्ट वैद्यकाने निःसंदिग्धपणे मान्य केली ती गेल्या काही दशकांतच.

निरोगी तरुण व्यक्तीच्या दोन्ही वृक्कांतील केशिकागुच्छांतून (सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांतून) दर मिनिटाला सु. १०० ते १२० मिलि. द्रव गाळला जातो. तुलनेच्या सोयीसाठी ही त्वरा शरीराच्या १·७३ चौ. मी. पृष्ठफळाला धरून सांगतात. ती ६० च्या खाली गेली व तीन महिने तशीच राहिली, तर विकार चिरकारी समजतात. १५ च्या खालच्या अवस्थेस वृक्कपात म्हणतात. प्रत्यक्ष व्यवहारात ही त्वरा मोजत नाहीत. रक्तातील क्रिॲटिनीन या स्नायुजन्य त्याज्य पदार्थाच्या प्रमाणावरून, वय व लिंग लक्षात घेऊन, तिचा अंदाज बांधतात. येथे एक पेच आहे. निम्मी क्षमता गमावली, तरी क्रिॲटिनीनाचा आकडा प्रयोगशाळेच्या नित्य मर्यादेत किंवा तिच्या अगदी जवळपास राहू शकतो. कृश वृद्ध व्यक्तींत स्नायू कमी असल्यामुळे तर तो अधिकच फसवा असतो. मूत्रातील अल्ब्युमीन व क्रिॲटिनीन यांचे गुणोत्तर मात्र लवकर बोलू लागते. दर ग्रॅम क्रिॲटिनीनामागे अल्ब्युमीन ३० मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक असणे अपसामान्य होय.

इतिहास : वृक्क आणि हृदय यांचे नाते प्रथम शवविच्छेदनाच्या मेजावर दिसले. लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, तापवल्यावर साकळणारे मूत्र व विकृत वृक्के यांचा परस्परसंबंध दाखविला. पुढे १८३६ मध्ये अल्ब्युमीनयुक्त मूत्राच्या शंभर रुग्णांतील विकृतींचे कोष्टक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांत अनेकांचे हृदय, झडपा निर्दोष असूनही, वाढलेले होते. रक्ताचा गुणधर्म बदलल्यामुळे सूक्ष्म वाहिन्यांतून ते पुढे ढकलण्यास हृदयाला अधिक जोर लावावा लागत असावा, असा तर्क ब्राइट यांनी केला. रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत साधन त्या काळी नव्हते, हे लक्षात घेता हा तर्क विलक्षण म्हटला पाहिजे.

त्याच रुग्णालयात पुढे फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–८४) यांनी नाडीलेखक यंत्रात सुधारणा करून नाडीच्या आलेखांचा अभ्यास केला. पाटण्यात जन्मलेले व इंग्लंडात स्थायिक झालेले शेख दीन महोमेद हे त्यांचे आजोबा. मूत्रात अल्ब्युमीन दिसू लागण्यापूर्वीच काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला असतो, तसेच वृक्क विकाराचे कोणतेही चिन्ह नसलेल्या व्यक्तींतही असा दाब आढळतो, हे त्यांनी दाखविले. वृक्क बिघडल्यामुळे दाब वाढतो की दाब वाढल्यामुळे वृक्क बिघडते, या प्रश्नाचा आरंभ येथे झाला. दोन्ही दिशांनी ही क्रिया घडते, हे त्याचे आजचे उत्तर होय. वयाच्या ३५ व्या वर्षी विषमज्वराने महोमेद यांचा मृत्यू झाला व त्यांचे कार्य बराच काळ विस्मृतीत गेले.

या प्रश्नाला निकड आली ती अपोहनामुळे. १९६० साली अमेरिकेतील सीॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहिणी व नीला यांना जोडणारी, त्वचेबाहेर राहणारी टेफ्लॉनची नळी वापरात आणली व निकामी वृक्कांच्या रुग्णाचे वारंवार अपोहन करणे शक्य झाले. या पद्धतीने जगलेले पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स यांना तिच्यामुळे सु. दहा-अकरा वर्षांचे आयुष्य लाभले. अखेर त्यांचा मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झाला. त्यांचे उदाहरण अपवादात्मक नव्हते. त्याच केंद्रातील ३९ रुग्णांचा दीर्घकालीन वृत्तांत लिंडनर, स्क्रिब्नर व इतरांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते आणि त्या मृत्यूंतील बहुसंख्य मृत्यू रोहिणीकाठिण्याच्या उपद्रवांमुळे झाले होते. निकामी इंद्रियाचे काम यंत्राने केले, तरी रोहिण्या वेगाने वृद्ध होतच राहतात, ही जाणीव त्या वृत्तांताने करून दिली. १९९८ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीच्या आधारे फोली, पार्फ्री व सारनॅक यांनी दाखविले की, अपोहनावरील पंचविशी-तिशीच्या रुग्णाचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू होण्याचा संभव सर्वसामान्य समाजातील ऐंशीच्या घरातील वृद्धाइतका असतो.

तथापि ही सर्व निरीक्षणे अंतिम अवस्थेतील रुग्णांची होती. सौम्य विकाराचे काय, याचे भक्कम उत्तर २००४ मध्ये मिळाले. कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसेवा संस्थेच्या ११ लाख २० हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी गो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. यांत अपोहनावरील किंवा प्रतिरोपण झालेले रुग्ण घेतले नव्हते. गाळण्याची त्वरा ६० वा अधिक असलेल्यांच्या तुलनेत ती ४५ ते ५९ असणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सु. १·४ पट, ३० ते ४४ असणाऱ्यांत दुप्पट, १५ ते २९ असणाऱ्यांत २·८ पट व १५ च्या खाली ३·४ पट आढळल्या. मधुमेह, रक्तदाब, वय इत्यादींचा हिशोब वजा करूनही ही चढण शिल्लक राहिली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण मधुमेह व अतिरिक्त रक्तदाब ही दोन्ही विकारांची समान कारणे असल्यामुळे वृक्क केवळ साक्षीदार आहे, असे तोपर्यंत अनेकांना वाटत असे.

कारणमीमांसा : समान कारणांचा वाटा अर्थातच मोठा आहे. मधुमेह, अतिरिक्त रक्तदाब, धूम्रपान, स्थूलता व वार्धक्य हे दोन्ही इंद्रियांच्या रोहिण्यांना सारखेच छळतात. त्यांवर वृक्क विकार स्वतःची भर घालतो. मीठ व पाणी पुरेसे बाहेर टाकता न आल्याने आणि रेनीन–अँजिओटेन्सीन यंत्रणा प्रमाणाबाहेर कार्यशील राहिल्याने रक्तदाब चढतो व औषधांना सहजी दाद देत नाही. वृक्कांत तयार होणारे एरिथ्रोपोएटीन हे तांबड्या कोशिकांच्या निर्मितीस चालना देणारे हॉर्मोन कमी पडून पांडुरोग होतो. पातळ झालेल्या रक्तातून तेवढाच ऑक्सिजन पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक रक्त फेकावे लागते. वाढता दाब, ताठर महारोहिणी व पांडुरोग यांच्या संयुक्त भारामुळे डाव्या निलयाची भिंत जाड होते. कॅनडातील एका पाहणीत अपोहन सुरू करताना सु. तीन चतुर्थांश रुग्णांत ही वाढ आढळली. जाड झालेल्या स्नायूला रक्त अधिक लागते, पण केशिका त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे मोठ्या हृद्‌रोहिणीत फारसा अडथळा नसतानाही स्नायूची उपासमार होऊ शकते.

सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण विकृती फॉस्फरसामुळे घडते. आहारातून आलेले जादा फॉस्फेट बाहेर टाकणे हे वृक्कांचे काम. ते जमेनासे झाले की, हाडांतील कोशिका एफजीएफ–२३ नावाचे हॉर्मोन अधिकाधिक स्रवून उरलेल्या वृक्काणूंकडून ते काम करवून घेतात. परावटू ग्रंथींचा स्रावही वाढतो आणि कार्यकारी ड जीवनसत्त्व घटते. या धडपडीमुळे रक्तातील फॉस्फेटाची पातळी बराच काळ नित्य मर्यादेत राहते व रोग झाकला जातो. पण एफजीएफ–२३ची उच्च पातळी स्वतःच हृद्‌स्नायूची वाढ घडवून आणू शकते, असे २०११ मध्ये प्रयोगांत दिसून आले. अखेर फॉस्फेट चढतेच आणि रोहिणीच्या भित्तीतील अनैच्छिक स्नायूंच्या कोशिका आपला मूळ स्वभाव सोडून अस्थिजनक कोशिकांप्रमाणे वागू लागतात. रोहिणीच्या भिंतीत जणू हाड तयार होते. ही निव्वळ चुन्याची पुटे चढण्याची निष्क्रिय क्रिया नसून कोशिकांनी चालविलेली सक्रिय क्रिया आहे.

नेहमीच्या रोहिणी विलेपी विकारात वसायुक्त थर रोहिणीच्या अंतःस्तरात साचतात व त्यांत कॅल्शियम बसते. वृक्क विकारात हे घडतेच. शिवाय मधल्या स्नायुस्तरातही कॅल्शियमाचे निक्षेपण होते. या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मन विकृतिवैज्ञानिक मंकबेर्ख यांनी १९०३ मध्ये केले होते. तो पोकळी फारशी अरुंद करीत नाही, मात्र नळी ताठ करतो. नाडीची लाट ताठ नळीतून वेगाने जाऊन लवकर परतते. आकुंचनकालीन दाब वाढतो, प्रसरणकालीन दाब उतरतो, आणि हृद्‌रोहिण्यांतून रक्त मुख्यतः प्रसरणकाळीच वाहत असल्यामुळे हृदयाचा नेमका तोच पुरवठा घटतो. ही विकृती किती लवकर सुरू होते, हे २००० साली गुडमन व सहकाऱ्यांनी दाखविले. अपोहनावरील ७ ते ३० वर्षे वयाच्या ३९ रुग्णांच्या हृद्‌रोहिण्यांचे क्ष-किरण संगणकीय चित्रण त्यांनी केले. विशीच्या आतील एकाही रुग्णात कॅल्शियम दिसले नाही. २० ते ३० वर्षांच्या १६ जणांपैकी १४ जणांत मात्र ते होते.

वसेच्या बाबतीत वृक्क विकार आणखी एक चकवा देतो. ट्रायग्लिसराइडे वाढतात व उच्च घनतेचे वसाप्रथिन घटते. ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते निम्न घनतेचे वसाप्रथिन मात्र अनेकदा नित्य प्रमाणातच असते. अशा अहवालाने रुग्ण निश्चिंत होतो, पण त्या निश्चिंतीला आधार नसतो. याखेरीज रक्तात साचणारी मूत्रविषे, मंद पण अखंड चालणारा दाह आणि ऑक्सिडीकारक पदार्थांचा ताण यांमुळे रोहिणीच्या आतील नाजूक अस्तराचे कार्य बिघडते. मूत्रातील अल्ब्युमीन हे या बिघाडाचे बाह्य चिन्ह समजता येईल. केशिकागुच्छांचे अस्तर गळके झाले असेल, तर इतरत्रचेही सुस्थितीत नसण्याचा संभव असतो. म्हणूनच गाळण्याची त्वरा उत्तम असतानाही अल्ब्युमीन जाणाऱ्या व्यक्तीला हृदयविकाराचा धोका अधिक असतो. क्रिया उलट दिशेनेही घडते : दुबळ्या हृदयाकडून वृक्कांना रक्त कमी मिळते व नीलांत रक्त तुंबल्यामुळे गाळण्याची क्रिया मंदावते [→ हृदय].

लक्षणे व निदान : छातीत कळ, डाव्या हातात उतरणारी वेदना व घाम हे हृद्‌शूलाचे परिचित चित्र वृक्क विकाराच्या रुग्णांत पुष्कळदा उमटत नाही. मधुमेहाने तंत्रिका बधिर झालेल्या असल्यास वेदना मुळीच नसते. थोड्या श्रमाने धाप लागणे, न ओसरणारा थकवा, मळमळ किंवा अपोहन चालू असताना रक्तदाब एकाएकी घसरणे एवढीच लक्षणे असू शकतात. धाप ही अंगात पाणी साचल्याची व थकवा हा पांडुरोगाचा, असे समजून हृदयाकडे दुर्लक्ष होते. तपासण्याही संदिग्ध ठरतात. डाव्या निलयाच्या वाढीने विद्युत् हृल्लेख आधीच बदललेला असतो. हृद्‌स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे ट्रोपोनीन या रुग्णांत एरवीही थोडे वाढलेले असते. त्यामुळे एका आकड्यावर विसंबून न राहता काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजून ते चढते आहे की काय, हे पाहावे लागते. चालत्या पट्ट्यावरील श्रमचाचणी थकलेल्या रुग्णाला पुरी करता येत नाही.

हृद्‌रोहिणीचित्रणासाठी वापरावयाच्या आयोडीनयुक्त द्रव्याने वृक्क आणखी बिघडेल, या भीतीने रुग्ण व काही वेळा वैद्यही ती तपासणी टाळतात. हा धोका खरा आहे, परंतु पूर्वी समजत असत त्याहून तो कमी असल्याचे अलीकडील अभ्यासांवरून दिसते. द्रव्याचे प्रमाण बेताचे ठेवून व शरीरातील पाण्याचा समतोल सांभाळून तो आणखी घटविता येतो. झटका आलेल्या रुग्णाला केवळ क्रिॲटिनीन वाढलेले आहे म्हणून उपचारापासून वंचित ठेवणे समर्थनीय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विकार पुढे गेल्यावर हृदयविकाराचे स्वरूपच पालटते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. अपोहनावरील रुग्णांचे अनेक मृत्यू रोहिणी एकाएकी बंद झाल्यामुळे होत नाहीत, तर हृदयाचा ठोका बिघडून अकस्मात होतात. जाड व तंतुमय झालेला स्नायू, पोटॅशियमाचे चढउतार आणि साचलेले पाणी ही त्याची कारणे होत. आठवड्यातून तीनदा अपोहन होणाऱ्यांत दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर असे मृत्यू अधिक आढळतात. भारतात खर्चामुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच अपोहन करून घेतात. त्यांच्या बाबतीत असे खंड नेहमीचेच होतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी विनामूल्य सोय झाली; तरी प्रवास व बुडणारी मजुरी यांचा भार उरतोच.

चिकित्सा : रक्तदाब काबूत ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅ.च्या आत असावे. आपल्याकडे पापड, लोणची व फरसाण यांतून ते नकळत जाते. मिठाऐवजी मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, विकार पुढे गेलेल्या रुग्णाला ते, तसेच नारळपाणी, घातक ठरू शकते. अँजिओटेन्सिनाचा परिणाम रोखणारी औषधे रक्तदाब व मूत्रातील अल्ब्युमीन ही दोन्ही उतरवितात. ती सुरू केल्यावर क्रिॲटिनीन थोडे वाढते. ही वाढ तीस टक्क्यांच्या आत असेल, तर ती अपेक्षित समजतात. घाबरून औषध बंद केल्यास नुकसान रुग्णाचेच होते. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली वेदनाशामके मात्र वृक्क व हृदय या दोहोंना अपायकारक असतात.

कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिनांचा अनुभव बोधप्रद आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९,००० हून अधिक वृक्करुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिन व एझेटिमाइब यांच्या संयोगाने रोहिणी विलेपी विकाराच्या गंभीर घटना सु. १७ टक्क्यांनी घटल्या. परंतु केवळ अपोहनावरील रुग्णांवर केलेल्या २००५ व २००९ च्या दोन चाचण्यांत स्टॅटिनांचा लक्षणीय लाभ दिसला नाही. औषध तेच असताना लाभ मिळाला तो वेळेवर सुरू करणाऱ्यांना. म्हणून अपोहनावर गेल्यावर ते नव्याने सहसा सुरू करीत नाहीत; आधीपासून चालू असेल, तर बंदही करीत नाहीत. पांडुरोगाच्या बाबतीत उत्साह आवरावा लागला. एरिथ्रोपोएटीन वर्गातील औषधांनी हीमोग्लोबिन १३ ग्रॅ.पर्यंत चढविण्याने हृदयाचे रक्षण होईल अशी अपेक्षा होती, पण २००६ व २००९ मधील मोठ्या चाचण्यांत लाभ आढळला नाही. उलट पक्षाघातासारखे उपद्रव वाढलेले दिसले.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती आशादायक झाली आहे. वृक्कनलिकेतून ग्लुकोज परत शोषले जाण्यास अटकाव करणारी, मूळची मधुमेहावरील औषधे वृक्क व हृदय या दोहोंना उपकारक ठरली. डॅपाग्लिफ्लोझिनाच्या २०२० मधील चाचणीत वृक्काचा गंभीर ऱ्हास किंवा वृक्क-हृदयविकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर एंपाग्लिफ्लोझिनाच्या २०२२ मधील चाचणीत वृक्काचा ऱ्हास किंवा हृदयविकारजन्य मृत्यू यांचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. या चाचण्यांत मधुमेह नसलेले रुग्णही होते. हृदयाला यांचा लाभ होतो तो मुख्यतः हृदयदौर्बल्य टळल्याने. हृद्‌रोहिणी बंद पडण्यावरील परिणाम तितका स्पष्ट नाही. मधुमेही रुग्णांसाठी फिनेरेनोन (२०२०) व सेमाग्लुटाइड (२०२४) यांच्या चाचण्याही यशस्वी झाल्या.

अरुंद झालेली हृद्‌रोहिणी फुग्याने रुंद करणे किंवा शस्त्रक्रियेने वळणमार्ग काढून देणे, याचा निर्णय वृक्करुग्णांत अधिक तारतम्याने करावा लागतो. विकार पुढे गेलेल्या, पण हृद्‌रोहिणी विकाराची स्थिती स्थिर असलेल्या ७७७ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा हस्तक्षेपाने मृत्यू किंवा झटके यांचे प्रमाण केवळ औषधोपचारापेक्षा कमी झाले नाही. झटका प्रत्यक्ष आलेल्या रुग्णाला हा निष्कर्ष लागू होत नाही. वृक्क प्रतिरोपणानंतर हृदयविकाराचा धोका अपोहनाच्या मानाने बराच उतरतो, तरी रोहिण्यांत आधी बसलेले कॅल्शियम निघून जात नाही आणि प्रतिक्षमता दडपणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब, रक्तशर्करा व वसा वाढतात. यामुळे प्रतिरोपणाच्या यादीत नाव घालण्यापूर्वी हृदयाची तपासणी करतात व प्रतिरोपित वृक्क उत्तम चालत असतानाही ती पुढे चालू ठेवतात [→ वृक्क].